महेबूबचाचा इथंच राहायचे

सरकारच्या कागदावर महेबूबचाचा आमच्या गल्लीत राहतच नव्हते.

आज दुपारी त्यांना दफन करून आलो. खांदा द्यायला गल्लीतला म्हणावा असा मी एकटा. बाकीचे टोरांटो, दुबई, मेलबर्न.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाचा म्हणजे आमच्या लातूरच्या गल्लीतले गादीवाले. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आयुष्यभर हेच. चाची दहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांचा. कितीतरी दिवस अख्खी गल्ली मैदानात झोपायची. सकाळी उठल्या उठल्या चाचा एकेकाचं नाव घेऊन हजेरी घ्यायचे.
"भोसले सर? सचिन? सचिनची आई?"
एकानं जरी ओ दिली नाही, तर हातातला चहा तसाच ठेवून शोधायला निघायचे.

तेव्हापासून त्यांनी घराला कधी कडी लावली नाही. "पळायला उशीर होतो," म्हणायचे.

मग लातुरात क्लासेस आले. गल्लीतली घरं एकेक करून होस्टेल झाली. गाद्यांच्या ऑर्डरी वाढल्या, चाचा खूश. आणि आमच्यातली जी पोरं शिकली, ती निघाली.

पासपोर्ट म्हटलं की पोलीस व्हेरिफिकेशन आलं. हवालदार गल्लीत येऊन शेजाऱ्यांना विचारणार, याला ओळखता का?
आमच्या गल्लीत शेजारी म्हणजे चाचा. काम टाकून उन्हात येऊन उभे राहायचे.
"वळखता का म्हंजे? माज्या गादीवर मुतलेलं पोरगं हाय ते, साहेब. लिवा!"
माझ्या वेळी पण हेच वाक्य. हवालदार हसला, मी लाजलो, रिपोर्ट क्लिअर.

गेल्या वर्षी चाचा स्वतः आले. हातात आधार कार्ड.
"बेटा, माजा बी पासपोर्ट काढ. हजला जायचंय. तुज्या चाचीला कबूल केलतं."

फॉर्म मीच भरला.
मोबाईल नंबर? त्यांच्याकडं फोनच नव्हता. "तुजाच टाक की." टाकला.
ओळखणारे दोन शेजारी? एक मी. दुसरं कोण?
"भोसले सर."
"चाचा, सर मेलबर्नला पोरीकडं गेलेत. तीन वर्षं झाली."
"मग? गल्लीतलेच हायत न्हवं? येतेल की."

मी हसलो आणि टाकलं. त्यांना कशाला दुखवा. आणि खरं सांगू? दुसरं नाव मलाही सुचलं नाही. ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो तिथं.

पुढचं मला नंतर कळलं.

हवालदार आला तो शुक्रवार होता. चाचा नमाजला गेलेले. दार उघडं, आत कुणी नाही. सरांच्या घराचं कधीच होस्टेल झालेलं. त्यानं तिथल्या पोरांना विचारलं.
"नीटची तयारी करून राहिलो सर. आजूबाजूचं काय माहीत न्हाई."

निम्मी पोरं चाचांनी भरलेल्या गाद्यांवर झोपतात. पण त्यांना काय बोलू? मी क्लासवर फिजिक्स शिकवतो. पोरं माझीच. इकडंतिकडं बघू नका, पुस्तकात बघा, असं मीच सांगतो त्यांना.

मग त्यानं मला फोन लावला. तीनदा.
मी पुण्यात. कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे देत होतो. फोन बाहेर जमा.
निघताना मिस्ड कॉल दिसले. अनोळखी नंबर. लोनवाली असेल म्हणून सोडून दिलं.

रिपोर्ट गेला. अर्जदार या पत्त्यावर राहत नाही.

तो मेसेजही माझ्याच फोनवर आला, इंग्रजीत. मलाच वाचून दाखवावा लागला.
चाचांनी उघड्या दाराकडं बघितलं.
"मी न्हाई ऱ्हात हितं? मग कोण ऱ्हातंय?"
"चूक झाली चाचा. दुरुस्त होतंय. सोमवारी जातो मी पोलीस ठाण्यात."

कुठला सोमवार अन् काय. माझं मेडिकल, बँकेचं लेटर, इंग्रजीची परीक्षा पुन्हा. घराला गिऱ्हाईक बघणं. गिऱ्हाईक कोण? होस्टेलवाला. दुसरं कोण येतंय इथं?
चाचा दारात बसलेले दिसायचे. "पुढच्या आठवड्यात नक्की, चाचा."
"हाव बेटा. तुजी कामं आधी."
एकदा तरी आईमाईवरून शिवी द्यायला पाहिजे होती त्यांनी. गेलो असतो.

हजचे अर्ज बंद झाले.
चाचा घराला कडी लावायला लागले.

आज सकाळी ती कडी तोडून आत जावं लागलं.

माझा व्हिसा आलाय. पुढच्या महिन्यात जाणार आहे. खोटं कशाला बोलू.

आता तुम्ही सगळे खाली तीन इंग्रजी अक्षरं टाकाल आणि हात जोडाल. नका जोडू. मेहरबानी करा, एवढं एक काम करा.
ज्याच्या ज्याच्या पासपोर्टसाठी हा माणूस उन्हात उभा राहिला, त्यानं खाली स्वतःचं नाव लिहा आणि पुढं फक्त एवढंच लिहा: मी महेबूबचाचांना ओळखतो. ते इथंच राहायचे.

ठाण्यात जाऊन सांगायचं होतं, ते इथं सांगतोय. पहिलं नाव माझं.

सचिन. मी महेबूबचाचांना ओळखतो. ते इथंच राहायचे.

खुदा हाफिज, चाचा. मला माफ करू नका.