सईला मी दिलेलं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण ऐका.

मी आधी नगरसेवक होतो, पुढे पक्षाचा शहराध्यक्ष झालो. लोक म्हणतात, साहेब म्हणजे हसरा माणूस. खरं सांगू? कॉलेजात असल्यापासून माझ्या आत काहीतरी विझत जातं. त्याला कारण लागत नाही. सत्कार चालू असतो, गळ्यात हार असतो, आणि वाटतं — हे सगळं कशाला? मग कितीतरी दिवस साधी आंघोळसुद्धा जिवावर येते. इथे कुणी ओळखेल म्हणून डॉक्टर गाठला तो मुंबईचा. घरी सांगितलं, बीपीच्या गोळ्या आहेत.

खडकीत एक खोली भाड्याने घेतली. मीटिंग आहे म्हणून निघायचो आणि तिथे शाडूची माती मळत बसायचो. चेहरे घडवायचो. बोटं मातीत असेपर्यंत छातीवरचं ओझं जरा हलायचं. एकही चेहरा ठेवला नाही — सगळे परत मळून टाकले.

टाळतोय ना मी? टाळतोच आहे.

सई माझी मुलगी. आर्किटेक्चर शिकत होती. मध्येच तिने उठणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ती पाठ बघितली आणि मी ओळखलं. मी नाही तर कोण ओळखणार होतं? ती आपली आपणच डॉक्टरकडे गेली, गोळ्या सुरू केल्या. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. तिने विचारलं,

"बाबा, डॉक्टर विचारत होत्या, घरात आणखी कुणाला असं होतं का. तुम्हाला होतं का हो कधी?"

हो — एवढंच म्हणायचं होतं. तेव्हा निवडणूक तोंडावर होती... नाही, ते कारण नको. निवडणूक नसती तरी मी तेच बोललो असतो.

"आपल्या घरात असलं काही नसतं," मी म्हणालो. "रिकाम्या डोक्याचे चोचले आहेत हे. ऊठ, आंघोळ कर."

ती उठली. खरंच उठली. आंघोळ केली आणि गोळ्या बंद केल्या.

कॉलेज सुटलं. मैत्रिणी यायच्या, त्याही यायच्या थांबल्या. आता तिशी उलटली तिची; जेवायला हाक मारली की येते, ताट संपवून खोलीत जाते. मी मात्र माझ्या गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत. खडकीलाही जात राहिलो.

गेल्या वर्षी येरवड्यात मानसिक आरोग्याच्या एका शिबिराचं उद्घाटन माझ्या हातून झालं. म्हणालो, मनाचं दुखणं लपवू नका, घरच्यांशी बोला. टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ टाकला. घरी आलो तर सई जेवत होती, समोर मोबाइल.

"छान बोललात, बाबा," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी मान हलवली आणि ताट वाढून घेतलं.