स्टुडिओवाल्याने दिलेला वाघ

बोरच्या जंगलात सफारी झाली आणि माझ्या आणि बायकोच्या मोबाईलमधले फोटो अल्बमसाठी आर्वीतल्या एका स्टुडिओवाल्याकडे नेले. हा माणूस चष्मा कपाळावर सरकवून, एक डोळा मिटून फोटो पाहायचा. माझ्या फोटोंत वाघ झुडपाआड होता आणि तोही धूसर.

"लगनात नवरदेवाच्या मागं ताजमहाल टाकतो मी. तुमच्या मागं वाघ टाकाले काय लागते जी?"

"नको. जे घडलं तेच छापा," मी बाणेदारपणे म्हणालो. वाघ समोर असताना मी कसा जराही न डगमगता फोटो काढले, तेही ऐकवलं. तो मान हलवत राहिला.

आठवड्याने अल्बम आणायला गेलो. पहिल्या पानावर, नवरा-नवरीचा असतो तेवढा मोठा फोटो होता. गाइडने बायकोच्या मोबाईलवर काढलेला. जीपमध्ये बायको ताठ बसून वाघ पाहतेय आणि मी तिची ओढणी मुठीत धरून, डोळे गच्च मिटून तिच्या पाठीमागे.

"हा कशाला छापला?"

"घडलं तेच छापा म्हनलं ना तुमी."

मी आवाज खाली आणला. "इथं माझ्या जागी वाघ टाकता येईल?"

त्याने एक डोळा मिटला. "येते ना. पन वहिनी कालच येऊन गेल्या. याचीच मोठी फ्रेम सांगून ठेवली त्याईनं."