साडूंचं पथक

माणसाला शांतपणे जगू न देण्याची विद्या या पृथ्वीतलावर कुणाला पूर्ण साधली असेल, तर ती माझ्या साडूंना. राहायला कवठे येमाईला, नोकरी रांजणगावच्या एका कारखान्यात, तीन पाळ्यांची. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून माणूस घरी जाऊन आडवा होतो. आमचे साडू गळ्यात स्काऊटचा निळा स्कार्फ अडकवतात आणि गावातल्या शाळेच्या मैदानावर हजर होतात. तिथं त्यांच्या पथकातली चाळीसेक पोरंपोरी त्यांची वाट बघत असतात. या कामाचा त्यांना कुणी एक रुपया देत नाही, आणि वीस वर्षांत त्यांनी तो मागितलेलाही नाही.

हे सगळं त्यांनी कवठ्यातच केलं असतं तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण मी भांडगावला राहतो, माझ्याकडं भाजीची पिकअप आहे, आणि हे त्यांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी सहाला फोन येतो. ‘‘पाव्हणं, गाडी रिकामीच आसंल न्हवं?’’ नाही म्हणायची सोय नाही, कारण तोवर बायको ‘‘दाजींचा फोन का?’’ म्हणत चहा टाकायला उठलेली असते. घरी आले की त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. एकदा गप्पा मारता मारता त्यांनी आमच्या म्हशीच्या दाव्याला कसलीशी गाठ मारली. ‘‘ही गाठ जन्मात सुटायची न्हाई,’’ असं अभिमानानं सांगून गेले. खरोखरच सुटली नाही. संध्याकाळी मला नवंकोरं दावं विळ्यानं कापावं लागलं. माझ्या पुतण्याच्या लग्नात गाड्या लावायचं काम त्यांनी पथकाला दिलं. पोरांनी दीडशे गाड्या अशा शिस्तीत लावल्या की फोटो काढावा. फक्त नवरदेवाची गाडी त्यांच्या मधोमध अडकली आणि वरात तास दीड तास जागेवरच वाजत राहिली. मी चिडून विचारलं तर म्हणाले, ‘‘चुकली पोरं. पुढच्या लग्नात न्हाई चुकणार.’’ जसं काही पुतण्या पुन्हा बोहल्यावर चढणार होता!

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कहर केला. न विचारता तीन दिवसांचं शिबिर माझ्या शेतात आणलं. टोमॅटोच्या बांधणीसाठी रचून ठेवलेले बांबू सकाळी बघतो तर त्यांची कमान झालेली. मी बांधावरूनच ओरडलो, ‘‘उद्या सकाळी एकही तंबू इथं दिसता कामा नये!’’ साडूंनी शांतपणे मान हलवली आणि पोरांना सांगितलं, ‘‘मामांच्या आवाजाकडं बघा. शिट्टीची गरज न्हाई.’’

त्याच दुपारी माझे वडील, आमचे आबा, गोठ्यात कडबाकुट्टीवर चारा घालत होते. वय पंच्याहत्तर, पण काम सोडत नाहीत. एकदम किंचाळी आली. मी धावलो तर यंत्र फिरतंय आणि आबांचा उजवा हात रक्तानं भरलेला. मी दारातच ‘आबा, आबा’ करत रडायला लागलो. तेवढ्यात माझ्या बगलेतून एक पोरगी आत घुसली. मेंढपाळाच्या घरातली, तेरा वर्षांची; पथकात आली तेव्हा सहा महिने तोंडातून शब्द काढला नव्हता म्हणे. तिनं आधी यंत्राचं बटण बंद केलं. गळ्यातला स्कार्फ काढून जखमेवर घट्ट दाबून बांधला. ‘‘आबा, खाली बसा. हात वर धरा, खाली सोडायचा न्हाई.’’ मग माझ्याकडं वळली. ‘‘मामा, रडू नका. गाडी काढा.’’

साडू गोठ्याच्या दारात उभे होते. नुसते उभे. माझा संताप अनावर झाला. ‘‘आवो, बघताय काय? काहीतरी करा की!’’

‘‘ती करतीया न्हवं,’’ साडू म्हणाले. ‘‘बरोबर करतीया. मी कशाला मधी येऊ?’’

त्या क्षणी मी त्यांना जे बोललो, ते इथं लिहिता येणार नाही.

दौंडला दवाखान्यात पोचेपर्यंत त्या पोरीनं आबांचा हात खाली येऊ दिला नाही. डॉक्टरांनी स्कार्फची पट्टी सोडून विचारलं, ‘‘ही कुणी बांधली?’’ आणि तिच्याकडं बघून ‘‘शाब्बास’’ म्हणाले. एक बोट गेलं. हात राहिला.

मी दोन चहा घेऊन व्हरांड्यात आलो. साडू बाकावर बसले होते. मी कप पुढं केला तर त्यांना तो धरताच येईना. अर्धा चहा बशीत सांडला.

‘‘लई वाटत व्हतं पुढं व्हावं,’’ ते म्हणाले. ‘‘दाराची चौकट धरून उभा राहिलो, पाव्हणं. मी हात घातला आसता तर तिला वाटलं आसतं, आपल्याला जमत न्हाई.’’

मी कप त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी दोन घोट घेतले. समोरच्या नळावर ती पोरगी वाकून स्कार्फ चोळत होती; डाग काही निघत नव्हता.

‘‘औंदा तिच्या बापानं तिला पुण्याला मावशीकडं शिकायला ठेवायचं ठरवलंय,’’ साडू तिच्याकडं बघत म्हणाले. ‘‘चांगलंच हाय. आशीच जात्यात सगळी. जरा कुठं हाताशी आली की जात्यात.’’

मग त्यांनी डोळे पुसले आणि तिला हाक मारली, ‘‘आगं, चोळू नको आता. ऱ्हाऊ दे तसाच.’’