लाकडी जेटचे पंख

माझ्या वडिलांनी विसाव्या वर्षी एका जेट लढाऊ विमानाच्या पहिल्या नमुन्यावर सुतारकाम केलं, हे माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला पटत नव्हतं.

"लाकडाचं जेट? काहीतरीच लाह, आजोबा!" ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

बाबा सहा आठवड्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, यिशुनच्या घरी आले होते. त्यांनी तिला सांगितलं, इंजिन बसवण्याआधी तो आकार हवेत कसा वागतो ते बघायला पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं होतं. दुसऱ्या विमानाने ओढत वर न्यायचं आणि सोडायचं. बाबा पंखातल्या फासळ्या घडवत.

शाळेत ग्लायडरची स्पर्धा होती. तिने तोच आकार निवडला. पंखांचा पसारा पंचेचाळीस सेंटिमीटर. बाल्सा लाकूड मी कापलं आणि पंखही मीच जोडले, बाकीचं तिने. आदल्या दुपारी मी दोन्ही पंख मोजले आणि "झालं," म्हटलं.

"तपासलं कोणी?" बाबांनी विचारलं.

"मीच."

"आणि केलं कोणी?"

"मीच की."

"मग तपासलेलं नाही."

त्यांच्या कारखान्यात ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. दुसऱ्याने मोजायचं आणि लाकडावर पेन्सिलीने सही करायची. मला ते मनाला लागलं. जुरोंग आयलंडवरच्या रसायन कारखान्यात एकोणीस वर्षं मी इतरांची रीडिंग तपासते.

"बाबा, माझं कामच मोजमापाचं आहे."

"आमच्या ग्लायडरमध्ये माणूस बसायचा, बाळा. इंजिन नाही, चुकलं तर पुन्हा वर जाता येत नाही."

मग मुलीने पट्टी घेतली. मी फक्त लांबी-रुंदी मोजली होती. तिने दोन्ही पंखांच्या टोकांशी पुढच्या आणि मागच्या कडेची टेबलापासूनची उंची मोजली.

"आई, डावीकडे मागची कड दोन मिलिमीटर जास्त वर आहे. पंख तिरका चिकटलाय. हे नुसतं गोल फिरून पडणार!"

चूक शंभर टक्के माझी होती. पंख उपटताना मोडला असता तर स्पर्धा गेलीच होती. तिने ब्लेडने सांधा हळूहळू सोडवला आणि पंख पुन्हा चिकटवला. तासाभराने पट्टी माझ्यासमोर धरली. "आता हे मी केलंय. तू मोज." मी चार ठिकाणी मोजलं, मग सही केली.

सकाळी मैदानावर ग्लायडर तिच्या हातातून सुटलं आणि सरळ गेलं. टेपने सव्वीस मीटर भरले. एकवीस मुलांत चौथी आली. पदक तिघांनाच होतं, पण त्या दिवशी मला कोणाचं पदक नको होतं.

बाबा मात्र खुर्चीतून उठून उभेच राहिले होते.

"आमचं उडालं तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये होतो," ते म्हणाले. "सुखरूप उतरलं, असा फोन आला. हा आकार उतरताना मी आज पहिल्यांदा पाहिला."

मुलगी गवतातून ग्लायडर उचलून धावत आली आणि तिने ते त्यांच्या हातात दिलं.

"आजोबा, आता तुम्ही सोडा."