वायोमिंग चाचांची तीन मतं

वायोमिंग चाचा नव्या माणसाला नाव विचारत नसत. सलाम-नमस्कार झाला की पहिला प्रश्न, "घरात माणसं किती?" समोरचा गोंधळून म्हणायचा, "पाच." चाचा त्यात मनातल्या मनात दोन मिळवायचे आणि म्हणायचे, "म्हणजे तुझी सात मतं. चांगलं राज्य आहे." मला पहिल्या दिवशी वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलंय. रियाधच्या बत्हा भागात कंपनीच्या जुनाट बिऱ्हाडात बॅग टेकवून मला तासही झाला नव्हता, आणि दाराशी उभा हा पांढऱ्या दाढीचा माणूस मला मतं वाटत होता.

चाचा श्रीवर्धनकडचे. कंपनीत टाइमकीपर. कामगार किती वाजता आले, किती वाजता गेले, हे वीस-बावीस वर्षं लिहीत आले होते. गच्चीवरच्या एकुलत्या एक खोलीत एकटेच राहायचे. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि भिंतीवर अमेरिकेचा भलामोठा नकाशा. पूर्वी कंपनीत अमेरिकन इंजिनियर होते. ते गेले तेव्हा ऑफिस रिकामं करताना नकाशा कचऱ्यात निघाला होता, तो चाचांनी वर आणला. त्यावर प्रत्येक राज्यात एक आकडा छापलेला होता. राष्ट्राध्यक्ष निवडताना त्या राज्याची मतं किती, तो आकडा. चाचांनी पन्नासच्या पन्नास पाठ केले होते. कपड्यांना इस्त्री करता करता म्हणायचे, "कॅलिफोर्निया पंचावन्न, टेक्सस अडतीस..." आमच्याकडे म्हातारी माणसं हरिपाठ म्हणतात ना, तसं.

मी एकदा वैतागून विचारलं, "चाचा, हे आकडे आले कुठनं?" झालं, माणूस खुलला. म्हणाले, "अरे पाटला, सोपा आहे. राज्यात माणसं जास्त तर मतं जास्त. पण त्याच्यावर प्रत्येकाला दोन मतं जादा. मोठा असो, लहान असो, दोन म्हणजे दोनच. ती माणसं मोजून देत नाय. ती नुसती असण्याची." मग नकाशातल्या एका चौकोनी राज्यावर बोट ठेवलं. "हा वायोमिंग. माणूस दिसायला मिळत नाय म्हणतात. माणसांचा एक आणि असण्याची दोन. तीन मतं! कमी नाय हां." स्वतःच्या खोलीला ते तेच नाव द्यायचे. एक माणूस, तीन मतं. त्यावरून शिंद्यानं त्यांचं बारसं केलं आणि ते नाव बिऱ्हाडभर झालं. शिंदे म्हणजे साताऱ्याचा, माझा खोलीतला जोडीदार.

हे सगळं त्यांच्या खोलीत राहिलं असतं तर माझं काय जात होतं? पण अमेरिकेत निवडणूक होती त्या वर्षी चाचांनी ती पद्धत आमच्या मेसमध्ये आणली. शुक्रवारी जेवायला काय करायचं यावरून दर आठवड्याला भांडण व्हायचं. आम्ही एकवीस जण. हॉलमध्ये लखनौ-हैदराबादकडचे नऊ, एका खोलीत केरळचे पाच, एकीत रत्नागिरीचे चार, खाली शिंदे आणि मी, आणि वर चाचा. डोकी मोजली की हॉलवाले नेहमी जिंकायचे. चाचा म्हणाले, "डोकी नाय मोजायची. खोलीची डोकी अधिक दोन. आणि खोलीनं एकच काय ते सांगायचं." हॉलच्या पोरांना हसू आलं. त्यांची अकरा मतं होत होती, सगळ्यात जास्त. हो म्हणाले बिचारे.

पहिल्याच शुक्रवारी मटण की मासे. हॉलला मटण हवं. मी कोल्हापूरचा, मला विचारायची सोय आहे का? आमची चार धरून मटणाची पंधरा झाली. केरळची सात, रत्नागिरीची सहा आणि वरून चाचांची तीन, माशांची सोळा! मी ताडकन उठलो. "अहो चाचा, अकरा जणांना मटण पाहिजे आणि दहा जणांसाठी मासे? हा कुठला न्याय?" चाचा शांतपणे म्हणाले, "तिथं पण असाच होतो. जास्त माणसं एकीकडं आणि खुर्ची दुसरीकडं. राग येतो ना? येऊ दे. पण मला सांग, इतकी वर्षं मी काय जेवणार हे हॉल ठरवत होता, तेव्हा तुला राग आला काय?" मी खाली बसलो. सुरमई चांगली झाली होती, हेही कबूल करायला हवं.

त्या मतदानानंतर हॉल आणि केरळ आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हापासून चाचांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. खोलीनं चिठ्ठी खजुराच्या डब्यात टाकायची, चाचांनी ती वर नेऊन मोजायची आणि खाली येऊन फक्त काय ठरलं तेवढं सांगायचं. कोणी कुठं मत दिलं, विचारायचं नाही. "जिंकला-हारला सगळ्यांना एका ताटात जेवायचा असतो," असं ते म्हणायचे. नोंद मात्र ठेवायचे, खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं. तिथं कोणी बघायला जात नसे.

मी जात्याच खोचक. एकदा विचारलं, "अमेरिकेची मतं मोजताय, श्रीवर्धनात तुमचं एक तरी आहे का?" चाचांची इस्त्री थांबली. म्हणाले, "होता. एकदा रजेवर गेलेलो तर मतदानाचा दिवस. कधी नाय तो आंघोळ करून, अत्तर लावून शाळेत गेलो. यादीत नाव नाय. 'तुम्ही इथं राहत नाय म्हणून काढला' म्हणाले. इथं माझा इकामा, राहायचा परवाना, दरवर्षी सांगतो की मी इथला नाय. तिथं यादी सांगते की तिथला नाय." मग पुन्हा इस्त्री फिरवायला लागले. "म्हणून आपला वायोमिंग बरा." मला स्वतःच्या जिभेचा राग आला, पण माफी मागायचं सुचलं नाही.

मग ती वर्षं आली. कंपनीनं किती सौदी माणसं नोकरीला ठेवलीत, त्यावरून सरकार तिला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचं. आमची पिवळ्यात गेली, मग लालकडे सरकली. लोकांचे इकामे अडकायला लागले. आधी केरळचे गेले, मग रत्नागिरीचे. चाचा म्हणायचे, "अमेरिकेत दहा वर्षांनी माणसं मोजतात आणि मतं पुन्हा वाटतात. आमची जनगणना दर महिन्याला." एखादी खोली पूर्ण रिकामी झाली की त्यांना फार लागायचं. माणसं गेली ते ठीक, पण तिची असण्याची दोन मतंही जायची. "राज्य बुडाला," म्हणायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

शिंदे गेला तेव्हा मी विमानतळावर हसत होतो, त्याची टर उडवत होतो. परत येऊन त्याची गादी नसलेली खाट बघितली आणि माझं अवसानच गळालं. शुक्रवारच्या दुपारी सगळे झोपले की मी त्या खाटेकडे पाठ करून उशीत तोंड खुपसून रडायचो. तिशीतला घोडा, सांगायलाही लाज वाटते. पण रडायचो.

आम्ही पाच उरलो तेव्हा मॅनेजरचा निरोप आला. पाच माणसांसाठी तीन ठिकाणी एसी कशाला? सगळ्यांनी हॉलमध्ये राहा, पटत नसेल तर तसं कळवा, तुमचं तुम्ही ठरवा. म्हणजे चाचांचं वायोमिंग राहणार की जाणार, हे आमच्यावर आलं. हॉलमधल्या तिघांची पाच मतं, माझी तीन, चाचांची तीन. अकरात सहा मिळाली की झालं. हॉलवाल्यांना सोबत हवीच होती. चाचांना खोली सोडायची नव्हती, ते बोलूनही दाखवलं होतं. "हॉलमध्ये गेलो की मी पाचातला एक. माझी दोन कोण देणार?" त्यांची तीन आणि माझी तीन मिळून बरोबर सहा होत होती. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. तरी माणसानं एका शब्दानं गळ घातली नाही. डबा पुढं करताना इतकंच म्हणाले, "तुझी तीन आहेत, पाटला. बघून टाक."

मी 'हॉल' लिहिलं. त्या खाटेसमोर आणखी एक शुक्रवार काढायची माझ्यात ताकद नव्हती.

चाचा डबा घेऊन वर गेले. खाली आले आणि म्हणाले, "हॉल ठरला. खलास. यल्ला, खाट उचलायला या." आम्ही खाट उचलली. नकाशा त्यांनी गुंडाळून खाटेखाली ठेवला, पुन्हा लावला नाही. हॉलमध्ये त्यांची खाट माझ्या शेजारीच आली. मला रात्री छान झोप लागायला लागली, याचीच मला लाज वाटायची. वर्षभर मी त्यांच्याशी नजर चुकवून बोललो. त्यांनी कधीच काही काढलं नाही.

पुढे टाइमकीपरचं काम सौदी माणसानंच करायचं असं ठरलं आणि चाचांचा इकामा पुन्हा झालाच नाही. जायच्या दिवशी मी बॅग घेऊन टॅक्सीपर्यंत गेलो. कबूल करायचं ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "घरी माणसं किती, चाचा?" त्यांचाच प्रश्न. ते हसले. "पोरी लग्न होऊन गेल्या. चाची एकटी. तिची तीन. मी गेलो की चार. इतकी वर्षं बाहेर राहून घरात एका मताची भर टाकतोय बघ." टॅक्सी गेली. मी तिथंच उभा राहिलो.

हॉलवाले तिघेही पुढच्या सात-आठ महिन्यांत गेले. शेवटी मी एकटा उरलो आणि घर सोडायचा दिवस आला. कुठं काही राहिलं का बघत गच्चीवर गेलो. चाचांची खोली उघडली. धूळ, खिळ्यांच्या जागी चार भोकं, बाकी काही नाही. बाहेर पडताना दार ओढलं तेव्हा आतल्या बाजूची पेन्सिल दिसली. वर्षानुवर्षांचे शुक्रवार होते तिथं, मटण, मासे, सोळा, पंधरा. सगळ्यात खाली शेवटची नोंद.

'हॉलमध्ये जाणे. हॉल ५ हो. पाटील ३ हो. गच्ची ३ हो. एकूण ११. विरोधात ०.'

तिथूनच फोन लावला. चाचांनी उचलला. सलाम नाही, नमस्कार नाही, मी एकदम म्हणालो, "चाचा, तुम्ही तुमचीच तीन मतं हॉलला दिलीत?"

चाचा म्हणाले, "दार बघितलास होय? अरे, खिडकी उघडी असायची तुझी. दर शुक्रवारी वर ऐकू यायचा रे. पोर रडतो आणि मी वर राज्य करू?"

मग त्यांनीच विचारलं, "आता कितीजण आहात तिकडं?"

"एकटाच आहे, चाचा."

"म्हणजे तीन. कमी समजू नकोस."

"आणि तुमच्याकडं? चार ना?"

"चार होती. गेल्या रमजानात चाची गेली. आता माझी पण तीनच."

आणि लगेच चाचा मोजायला लागले. "तुझी तीन, माझी तीन. किती झाली?"

"सहा."

"अकरात सहा," चाचा म्हणाले. "बघ, जिंकलो असतो आपण."