पाळीखालचं पाणी

लग्न होऊन कटंगीजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सासूबाई रोज सकाळी काचेचा ग्लास घेऊन बाहेर पडत आणि परत येत तेव्हा त्यात बोटभर पाणी असे. ते ओट्यावर उन्हात ठेवून त्या वाकून बघायच्या आणि अंगणात फेकून द्यायच्या. मी बालाघाट शहरातली, नोकरदाराच्या घरातली. मला वाटलं, एखादं व्रत असेल. विचारायची लाज वाटली. नवरा मलाजखंडच्या खाणीत नोकरीला, शनिवारी घरी यायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "आईलेच विचार नं."

शेवटी विचारलंच.

"व्रत नाई बाप्पा!" त्या हसत सुटल्या. "तलावाच्या पाळीखाली पाणी झिरपते. ते साफ हाय का गढूळ, तेवढं पाहाचं. साफ असलं तं चिंता नाई. गढूळ आलं तं समजाचं, आतली माती वाहून राह्यली."

तलाव म्हणजे गावामागचा मातीचा छोटा बांध. टेकड्यांवरून येणारा नाला पूर्वी खालच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या घरांत शिरायचा, धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं बुडवायचा. तो पूर अडवायला ही पाळ घातलेली. एका टोकाला दगडी सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी पाळीवर चढायच्या आत तिथून निघून जावं. सासरे होते तोवर पाळीवर तेच लक्ष ठेवायचे. ते गेल्यावर, कोणी न सांगताच, सासूबाई जाऊ लागल्या.

मी ही गंमत फोनवर बाबांना सांगितली. बाबा सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. ते मुळीच हसले नाहीत.

"विहीणबाईंना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले. "आमच्या खात्यात हे बघायला माणूस नेमतात, आणि तोही रोज जात नाही."

निरोप ऐकून सासूबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला, जणू व्याही, त्यांच्या भाषेत इवाई, समोरच उभे होते. लग्नात दोघं नमस्कारापलीकडे एकमेकांशी बोलले नव्हते.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं. सासूबाई गेल्या तशा झपाझप परत आल्या. ग्लासातलं पाणी चहासारखं होतं.

"सूनबाई, चाल. अन् फोन घे."

पाळीच्या पायथ्याशी एरवी करंगळीएवढी धार असायची, ती मनगटाएवढी झाली होती. तिच्याभोवती बारीक मातीचं वारूळ जमलेलं. वर चढून बघितलं तर पाणी पाळीच्या माथ्यापासून जेमतेम हातभर खाली. सांडवा असताना असं कसं? जाऊन बघितलं, तर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तलावात मासे वाढवणाऱ्या मच्छीवाल्यांनी सांडव्यावर बांबूची जाळी ठोकली होती. तिला तरंगती जलकुंभी, फांद्या, प्लॅस्टिकच्या पन्न्या अडकून पक्की भिंत झालेली. त्यांचा मुखिया उन्हात छत्री धरून शेजारीच बसला होता.

"काकी, जाली नहीं निकलेगी," तो आधीच म्हणाला. "सालभराची मछली हाय."

"मछली दुसरी टाकशील रे. टोला वाह्यला तं माणसं कुठून आणशील? तुही बहीण तिथंच राह्यते नं?"

त्यानं छत्री मिटली आणि कोयता आणायला गेला.

मी बाबांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "खाली माणसं आहेत? आधी त्यांना उंचावर पाठव." मी स्कूटी घेऊन टोल्यात गेले. म्हातारीकोतारी, ढोरं, कोंबड्या, सगळे शाळेच्या चढावर नेले. एक आजोबा टीव्ही घेतल्याशिवाय हलेनात, म्हणून टीव्हीही नेला.

परत आले तर पाळीखाली गर्दी. चार जण चिखलाची पोती त्या भोकात कोंबायला निघालेले. मी बाबांना पुन्हा फोन लावून हे सांगितलं, तसे ते स्पीकरवरून ओरडू लागले, "बुजवू नका! ते दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ द्या, फक्त माती अडवा. आधी वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठे दगड."

फोनमधल्या माणसाचं कोण ऐकतं! मग सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि उंच धरला.

"हे माहे इवाई हायेत. सरकारी बांध बांधले त्यायनं. ते म्हणतील तसंच होईन!"

झालंही तसंच. एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथली वाळू-गिट्टी बाया घमेल्यांनी वाहू लागल्या. तिकडे मुखियानं कमरेला दोर बांधला, काठावरून बांबू एकेक करून तोडले आणि पाणी गर्जत सुटलं. मासे उड्या मारत निघाले. ते बघताना त्याचा चेहरा मला अजून आठवतो. खालच्या बांध्यांत लोक लुगडी पसरून मासे धरत होते, आणि गंमत म्हणजे, त्यातले बरेच त्यांनी नंतर त्यालाच आणून दिले.

दुपारपर्यंत तलाव हातभर उतरला. दगडांमधून येणारं पाणी नितळ झालं. सासूबाई चिखलातच बसल्या आणि म्हणाल्या, "चहा करा नं कोनी."

रात्री बाबा फोनवर म्हणाले, "विहीणबाईंना सांग, मी आयुष्यभर नकाशे काढले. बांध एकही बांधला नाही." मी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात सिंचन खात्याचे साहेब लोक आले, पाळ खणली. कधीकाळी तोडलेल्या बाभळीचं मूळ आत कुजून पोकळ झालं होतं, पाण्याला तीच वाट सापडली होती. पाळ नव्यानं ठोकून बसवली, सांडवा रुंद केला. जाळी मात्र पुन्हा लावू दिली नाही. मुखियानं पावसाळा सरल्यावर मोठी बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली माशांची पिल्लं टाकायची आणि पुढच्या वर्षी तलाव भरायच्या आत मासे धरायचे, असं ठरवलं.

बाबा काम बघायला आले होते. ते आणि सासूबाई पाळीवरून फिरले, मध्ये चार हातांचं अंतर ठेवून, पण बोलत. मग साहेबांनी पाटी लावली: पाळीवर झाडं लावू नयेत, माती काढू नये, ढोरं चारू नयेत.

सासूबाईंच्या दोन म्हशी रोज तिथंच चरायच्या.

"मह्या म्हशीबी?" त्यांनी बाबांना विचारलं.

"विहीणबाई, खुरांनी पाळ खचते," बाबा हळूच म्हणाले.

दोन दिवस घरात बाबांचं नाव निघालं नाही. तिसऱ्या दिवशी त्या पुटपुटत म्हशी नाल्यापलीकडे घेऊन निघाल्या आणि फाटकातून मागे वळल्या.

"तुह्या बापाले फोन लाव. म्हन, म्हशी नाई तं पाळीवरचं गवत कापाले विळा घेऊन या."