मिरवणुकीची जागा

कात्सुओ हिरामात्सुला जागा धरता यायची. उभा जन्म छापखान्यात राबला, पण तिथे त्याचं नाव झालं ते एवढ्यासाठीच. दर वसंतात चेरीच्या फुलांखाली छापखान्याचं खाणंपिणं व्हायचं आणि बागेतली चांगली जागा अडवायला पहाटेच कुणाला तरी निळी ताडपत्री देऊन बसवायचे. खरं तर हे काम नव्या पोराचं. पण कात्सुओचे केस पिकले तरी ते त्याच्याकडेच राहिलं, कारण एकदा बसला की तो लघवीलासुद्धा उठायचा नाही. "हिरामात्सु बसलाय ना? मग निवांत या," असं साहेब म्हणायचे आणि या भल्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्याच्या बायकोच्या, सातोएच्या, पोटातला आजार उन्हाळ्यात कळला, तोही फार उशिरा. औषधं थांबवायची ठरल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. समुद्राकाठच्या त्या मोठ्या करमणूक बागेत सगळ्यांनी मिळून जायचं. मुलगी चिनात्सु लहान असताना ते एकदा गेले होते. तेव्हा मायलेकी होडीच्या फेरीसकट सगळे खेळ खेळून आल्या आणि कात्सुओ दिवसभर, बागेत रोज निघणारी चित्ररथांची मिरवणूक बघायला, जागा धरून बसला होता.

"या खेपेला होडीत माझ्या शेजारी बसायचं हं तुम्ही," सातोए म्हणाली.

"बसू की."

तिला कसलाही त्रास होऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने सुट्टीचे दिवस टाळले, चाकाच्या खुर्चीची सोय केली. सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे, चढ कुठे, हे आधी एकटाच जाऊन पाहून आला. निघताना मऊ भाताची पेज थर्मासात भरून घेतली. इतकं सगळं सुचलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र सुचली नाही.

बागेत शिरल्याबरोबर त्याने मिरवणुकीच्या रस्त्याकडेला चटई अंथरली आणि बूट काढून वर बसला. पहिली रांग, तीही सावलीत.

"बाबा, होडीची फेरी ती केवढीशी! उठा ना," चिनात्सु म्हणाली. तिची लेक होडीकडे बघून नाचत होती.

"चटई मोकळी दिसली की उचलतात. नियम आहे तसा."

"मग मी बसते इथे."

"तुला नाही जमायचं. लोक मागून सरकत सरकत पुढे येतात."

शेजारच्या चटईवरच्या बाईंना 'जरा लक्ष ठेवता का' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण परक्या माणसाला तसदी कशी द्यायची? जन्मात कधी दिली नव्हती. त्याच्या या भिडस्तपणाचा मला आजही संताप येतो.

"तू जाऊन ये," तो बायकोला म्हणाला. "पुढच्या फेरीला मी आहेच."

"पुढच्या," सातोए म्हणाली. चिनात्सुने खुर्ची वळवली.

दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला. वाऱ्यामुळे मिरवणूक रद्द झाल्याचं कर्ण्यावरून गोड आवाजात सांगितलं गेलं. लोकांनी चटया गुंडाळल्या. कात्सुओ तसाच बसून होता. मायलेकी परत आल्या तेव्हा सातोएचे ओठ काळेनिळे पडले होते.

"धरलीत हो जागा," ती म्हणाली. "अगदी पहिल्या रांगेतली."

मग तिला घरीच जायचं होतं. पुढची फेरी झाली नाही. नवं वर्ष लागायच्या आत ती गेली.

अस्थी थडग्यात ठेवल्या त्या दिवशी दगडावर पाणी घालता घालता कात्सुओ म्हणाला, "मिरवणूक निघाली असती, तर तिला बरं वाटलं असतं."

"मिरवणूक कुणाला हवी होती, बाबा?" चिनात्सु एकदम भडकली. "होडीत दोघादोघांची बाकं. पोरीला घेऊन मी पुढे बसले, आई मागे एकटी. तिथली मुलगी कुणाला तरी तिच्या शेजारी बसवायला आली, तर आईने बाकावर पिशवी ठेवली. म्हणाली, आमचे हे येणार आहेत."

"मग?"

"मग काय? सुटली होडी. उतरेपर्यंत पिशवीवर हात ठेवून बसली होती ती."

कात्सुओने पाण्याची बादली खाली ठेवली. दगडावर सातोएच्या नावाशेजारी त्याचंही नाव कोरलेलं होतं, जिवंत माणसाचं भरतात तसं लाल रंगात. आजारपणातच तिने ते कोरायला सांगून ठेवलं होतं. त्या लाल अक्षरांवर हात ठेवून तो रडला, आणि चिनात्सुने कितीदा हाक मारली तरी तिथून उठला नाही.